माळ काढण्याआधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३३ वर्षं सरकारी रुग्णालयांत काढून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात माझे वडील, वय ८१, न्यूमोनियामुळे एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. मानेतल्या शिरेत नळी घालायची म्हणून त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ कापली आणि घड्याळ, कवळी यांच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून भावाच्या हाती दिली. नळीसाठी गळा मोकळा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढे तोंडाने पातळ अन्न सुरू केलं, तर आप्पा ओठ घट्ट मिटून घेऊ लागले. केसपेपरवर नोंद झाली, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ नाकातून नळी घालायचं ठरत होतं.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या दहा मिनिटांत मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. म्हणाले, “गळ्यात माळ नाय, खाऊ कसा?” साठ वर्षांचा माळकरी माणूस. माळ तुटली तर नवी घालेपर्यंत अन्न नाही, हा त्यांचा नेम. मुलगी असून, नर्स असून मला हे कळायला तीन दिवस लागले, याचं आजही वाईट वाटतं. ड्यूटीवरच्या सिस्टरने पिशवीतली माळ आणवली, पुसून गॉजमध्ये गुंडाळली आणि सलाइन नसलेल्या हाताच्या मनगटाला बांधली. संध्याकाळी आप्पांनी चार चमचे पेज घेतली.

त्या रुग्णालयात खाली स्वागतकक्षाजवळ गणपतीची मोठी मूर्ती आहे, रोज आरती होते. वर खाटेपाशी मात्र हा प्रश्न कोणाच्या यादीतच नव्हता. पूर्वी जनरल वॉर्डात आम्हाला वेगळं काही करावं लागत नसे. नातेवाईक खाटेशेजारीच असायचे. उशीखाली अंगारा, तिन्हीसांजेला हळू आवाजात हरिपाठ. एका मुस्लिम आजींच्या मुलाने शेवटच्या रात्री विनंती केली, तेव्हा वॉर्डबॉयने आणि मी खाट फिरवून त्यांचं तोंड पश्चिमेकडे करून दिलं. दोन मिनिटांचं काम. आता जंतुसंसर्गाच्या भीतीने दारं बंद असतात, आणि ती भीती खरीच आहे. पण दारं बंद झाल्यावर घरच्यांचं हे काम आमच्या लोकांकडे आलं, आणि ते त्यांना कोणी सांगितलंच नाही.

अतिदक्षता विभागात अंगारा-तीर्थ न्या, असं मी म्हणत नाही. सर्पदंशाचा रुग्ण मांत्रिकाकडे वेळ घालवून आमच्याकडे आलेला मी पाहिला आहे, म्हणून २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला फार मोलाचा वाटतो. मी बोलते आहे ते शुश्रूषेबद्दल. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मुळात आमच्यासारख्याच नर्स. शरीराच्या वेदनेबरोबर मनाची, घरादाराची आणि श्रद्धेची वेदनाही बघायला हवी, हे त्यांनी शिकवलं. १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालेलं शांती अवेदना सदन त्याच वाटेवरचं. पण हे मरणाच्या दारातल्या रुग्णांपुरतंच का राहावं? माझे वडील तर बरे होऊन घरी आले.

दाखल करून घेताना अर्जात ‘धर्म’ असा रकाना असतो. त्यावरून काही कळत नाही. हिंदू लिहिलं म्हणून आप्पांची माळ कोणाला कळली नव्हती. त्याखाली एक प्रश्न छापावा, ‘तुमच्या नेमातलं, श्रद्धेतलं आम्ही सांभाळावं असं काही आहे का?’ ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तेही तितक्याच आदराने लिहून घ्यावं.

परवा तपासणीला गेलो तेव्हा तीच सिस्टर भेटली. माळ, ताईत, जानवं, क्रूस काढायच्या आधी ती आता विचारते, आणि कुठे बांधू तेही विचारते. तिला हे कोणी शिकवलेलं नाही. रुग्णालयांनी आपल्या परिचारिकांना ते शिकवावं, एवढ्यासाठी हे पत्र.

– एक निवृत्त परिसेविका, सांगली