शिवाजी पार्कवरच्या डावखुऱ्या बोलरला

अरे बाळा,

तुझं नाव कळलं नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. पार्कात खेळणारं कोणीतरी वाचेल आणि तुझ्यापर्यंत पोचवेल.

रविवारी तुमच्या मॅचला जे आजोबा अंपायर म्हणून उभे होते, ते माझे बाबा. त्यांना विसरण्याचा आजार आहे. दार उघडं दिसलं की चालू पडतात. त्या सकाळी आम्ही कुठे कुठे धावलो ते जाऊ दे. ज्यांचं ते काम होतं, त्यांनी "येतात हो म्हातारी माणसं परत" म्हणून चहा मागवला. कट्ट्यावरच्या एका गृहस्थांनी तर बाबांचा व्हिडिओ काढला होता, पायजम्यावर मैदानात भटकताना. मला तो उत्साहाने दाखवलासुद्धा. हाताला धरून बसवावं, एवढं मात्र सुचलं नव्हतं.

तुला जे सुचलं ते मला तुमच्या कीपरने सांगितलं. बाबा सरळ तुमच्या स्टंपांमागे येऊन उभे राहिले. मैदान २८ एकरांचं खरं, पण रविवारी एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या मिडऑनला खेटून असतो. अशा गर्दीत कोणीही खेकसलं असतं. तू डोक्यावरची टोपी काढलीस, बोलर अंपायरला देतो तशी बाबांच्या हातात दिलीस आणि म्हणालास, "सर, लेफ्ट आर्म ओव्हर."

बाबा तरुणपणी कांगा लीग खेळलेत. १९४८ साली सुरू झालेली, भर पावसात, ओल्या विकेटवर खेळायची ती लीग. तुझ्या त्या वाक्याने त्यांना सगळं आठवलं असं मी म्हणणार नाही. माझं नाव संध्याकाळीही आठवलं नाही. पण मी पोचले तेव्हा ते ताठ उभे होते, टोपी कमरेला खोचलेली, मुठीत बॉल मोजायचे खडे. सात बॉलांची ओव्हर झाली, आठचीही झाली. तुमच्यापैकी कोणी हूं की चूं केलं नाही. आणि तो चष्मेवाला, ज्याला पायचीत दिलं! बॉल लेगला चालला होता हे मलाही कळलं. तो बॅट काखेत मारून मुकाट चालता झाला.

बाबांना हल्ली सगळे धरतात, बसवतात, गप्प करतात. आम्हीही तेच करतो. 'सर' म्हणून त्यांचा निर्णय कोणी मागत नाही.

पार्कात एक रीत आहे. दुसऱ्या मॅचचा बॉल पायाशी आला की उचलून फेकायचा, कोणाची टीम ते विचारायचं नाही. या शहराला मी कितीही नावं ठेवली तरी ती रीत बघितली की जरा गप्प होते. बाबा असेच तुमच्यात घरंगळत आले. तुम्ही त्यांना नुसतं परत पाठवलं नाहीत, खेळात घेतलंत.

टोपी आमच्याकडेच आहे. बाबा ती झोपतानाही काढत नाहीत, तेव्हा तुला नवी घेऊन देते. त्या चष्मेवाल्याला माझ्याकडून पोटभर वडापाव. फक्त बाबांसमोर पायचीतचा विषय काढू नका. ते निर्णय बदलणार नाहीत.

सरांची मुलगी