हा कुठला आफ्रिकन योद्धा?

महोदय,

गेल्या आठवड्यात नातवाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. चौथीची पोरं 'आफ्रिकन योद्धे' म्हणून नाचली. तोंडाला काळा रंग, कमरेला सुतळीचं गवत, केसांत थर्माकोलचं हाडूक. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर बाईंना विचारलं, हे नक्की कुठले योद्धे? "आजोबा, आफ्रिकेतलेच की!"

मावळ्याला कुणी पठाणी सलवार चढवली असती, तर आपल्याच अंकात आठवडाभर पत्रं आली असती.

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचंच घ्या. शाका राजाच्या काळात (१८१६ ते १८२८) त्यांची ढाल जवळजवळ माणसाएवढी उंच असे. गाईबैलाच्या एका कातड्याच्या दोन बाजूंतून दोन ढाली निघत. मधोमध आडव्या चिरा पाडून त्यांतून वेगळ्या रंगाच्या चामड्याच्या पट्ट्या ओवायच्या आणि मागून त्यांतच काठी अडकवायची. ढाल शिपायाच्या मालकीची नसे, राजाची असे. रंगावरून पलटण ओळखू येई: तरुणांच्या साधारणपणे काळ्या, लग्न झालेल्या जुन्या गड्यांच्या पांढऱ्या. लग्नाची परवानगीही राजाच देई. मग केसांतच शिवलेलं, मेणाने चकाकवलेलं कडं डोक्यावर येई. आपल्याकडे मंगळसूत्र बायकांनाच. इथे लग्नाची खूण पुरुषाच्या डोक्यावर!

भाल्याचं नाव 'इक्ल्वा'. आखूड दांडा, लांब रुंद पातं. फेकायचा नाही, ढालीला ढाल भिडवून भोसकायचा. अंगातून उपसताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं, असं सांगतात. पिसांचे तुरे आणि दंडा-पोटऱ्यांवरच्या गाईच्या शेपट्या हा मुख्यतः समारंभाचा थाट. लढाईला जाताना त्यातला बराचसा घरीच राही. २२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वानाला याच लोकांनी ब्रिटिशांची छावणी कापून काढली. इंग्रजांच्या बाजूचे १३०० हून जास्त मेले. झुलूंकडेही बंदुका होत्या, पण जुनाट. काम केलं ते भाल्यांनी.

आणि इथिओपियाचा सरदार उभा केलात तर गवत सोडाच, डोक्यावर सिंहाची आयाळ, हातात गोल ढाल आणि विळ्यासारखी वाकडी तलवार द्यावी लागेल. त्याच हबशी मुलखातून आलेल्यांचा जंजिरा आमच्या किनाऱ्यावरून रोज दिसतो. निदान इथल्या शाळेला तरी हे माहीत असायला हवं होतं.

आपल्या अंकातही त्या नाचाचा फोटो 'आफ्रिकन आदिवासी नृत्य' अशा ओळीखाली छापून आला. पुढच्या वेळी लोकांचं नाव विचारून घ्या, एवढंच मागणं.

नातवाला सध्या पुठ्ठ्याची ढाल करून देतोय. रंग कुठला देऊ विचारलं, तर म्हणाला, "काळा. माझं कुठे लग्न झालंय?"

– एक आजोबा, मुरूड