आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: केमोच्या रुग्णाचं रक्त लाल गोळीने वाढत नाही

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार. मराठवाड्यात केमो, म्हणजे कर्करोगावरची औषधं, चालू असलेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन 8 वर आलं की अजूनही हातात लाल गोळ्या ठेवल्या जातात: 'रक्त कमी आहे, रोज एक घ्या.' फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, कुणी बघत नाही. गोळी ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातली, 60 मिलिग्रॅम लोहाची. गरोदर बाईला ती लागू पडते. कर्करोगाच्या रुग्णाला बहुतेकदा पडत नाही, आणि हे तुमच्या खात्याला कळायलाच हवं.

गाठीमुळे अंगात दाह असतो. त्याने दाहाचा निरोप नेणारं इंटरल्युकिन-6 वाढतं, यकृत लोह अडवणारं हेप्सिडिन सोडतं आणि आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट बंद होते. साठ्यातलं लोहही पेशींत अडकतं. धडधाकट माणसातही गोळीतलं साधारण 10 टक्केच लोह अंगी लागतं. इथे त्याहून कमी. उरलेलं 54 मिलिग्रॅमच्या वर मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथल्या जंतूंच्या तोंडी पडतं. आजार करू शकणाऱ्या ई. कोलायच्या कुळाला लोह हवंच असतं. लॅक्टोबॅसिलसला, म्हणजे दह्यातल्या चांगल्या जंतूला, ते जवळपास लागतच नाही. मग कोण माजणार? केनियातल्या बाळांना लोहाची पूड दिली तेव्हा हेच दिसलं. केमोत आतड्याचं अस्तर सोललेलं, पांढऱ्या पेशी घसरलेल्या. त्यात हे जंतू रक्तात शिरले की ताप, तापावर अँटिबायोटिक, आणि त्यात उरलेसुरले चांगले जंतूही जातात. उंदरांना दीर्घकाळ अँटिबायोटिक दिल्यावर अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणंच मंदावलं होतं. माणसात हे किती घडतं ते अजून शोधलं जातंय, पण गरज नसलेलं अँटिबायोटिक थांबवायला तेवढी वाट कशाला बघायची? वरून चिठ्ठीवर पॅन्टोप्राझोल असतंच: पोटातलं आम्ल कमी, लोह अजून कमी. दह्याच्या जंतूंच्या पुड्या हा त्यावर उपाय नव्हे. पांढऱ्या पेशी कमी असताना तेही जंतू रक्तात जाऊ शकतात.

करायचं काय ते अवघड नाही. चार तपासण्या: फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणारं लोह), सीआरपी (दाहाची खूण), बी-12. फेरिटिन 100 च्या खाली म्हणजे लोहच नाही. 100 च्या वर, पण सॅच्युरेशन 20 टक्क्यांखाली, म्हणजे लोह आहे पण अडकलेलं. दोन्हीकडे लोह शिरेतून द्यावं; फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचं 1000 मिलिग्रॅम एका बैठकीत, सुमारे 15 मिनिटांत जातं. अंगात ताप, जंतुसंसर्ग असेल तर मात्र थांबायचं, आणि नंतर फॉस्फरस तपासायचा, या औषधाने तो घसरू शकतो.

एवढं जिल्ह्याच्या ठिकाणी होत नाही, म्हणून हिंगोलीचा, जमीन नसलेला शेतमजूर केमोच्या अंगाने एसटीत बसून संभाजीनगर गाठतो. जिल्हा रुग्णालय तुमच्या खात्याचं, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं. पत्र इकडून तिकडे फिरतं आणि रक्तपेढीत नातेवाइकाला सांगतात, डोनर आणा. 2016 ला संभाजीनगरात मंत्रिमंडळ बसलं, 2023 ला पुन्हा बसलं, दोन्ही वेळा हजारो कोटींचे आकडे वाचून दाखवले. त्यातून आठ जिल्ह्यांना ही साधी तपासणीसुद्धा मिळू नये? आम्हाला पुतळे, कमानी नकोत.

केमोच्या प्रत्येक रुग्णाच्या या चार तपासण्या मोफत करा, शिरेतून द्यायचं लोह आठही जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांच्या औषध यादीत आणि कपाटात ठेवा, आणि तपासणीविना लाल गोळी लिहू नये असं परिपत्रक काढा. उत्तरात कोणत्या रुग्णालयात कोणत्या तारखेपासून, एवढंच लिहा.

आपले,
मराठवाड्यातील कर्करुग्णांसोबत काम करणारे