५० किमी ट्रेल शर्यत: चुकीची चढाई, रिकामं पाणी-केंद्र आणि कट-ऑफबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, स्पर्धक सेवा विभाग

विषय: निकालातील दुरुस्ती आणि प्रवेश शुल्काच्या परताव्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीच्या ५० किमी ट्रेल शर्यतीत मी धावले. मॅरेथॉनपलीकडचं अंतर आणि डोंगरवाट, दोन्ही माझ्यासाठी पहिल्यांदाच. ३७ किमीवर माझा बिब (छातीवरचा स्पर्धक क्रमांक) काढून घेतला गेला आणि निकालात नावापुढे ‘डीएनएफ’, म्हणजे ‘शर्यत अपूर्ण’, असं लागलं. माझ्या ईमेलला आपलं एका ओळीचं उत्तर आलं: ट्रेलवर थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच. हे थोडंफार किती, ते सविस्तर लिहिते.

माहितीपत्रकात एकूण चढाई १,४०० मीटर छापली होती. माझ्या बॅरोमीटरवाल्या घड्याळात भरली २,३००, आणि बरोबरच्यांचे आकडेही त्याच्या आसपास होते. घरी आल्यावर आपली जीपीएक्स फाइल, म्हणजे मार्गाचा डिजिटल नकाशा, उघडून पाहिली. तीत बिंदू इतके विरळ आहेत की वळणांची सरळ रेघ झाली आहे आणि मधले छोटे चढउतार गायब आहेत. इट्रा ही आंतरराष्ट्रीय संघटना शर्यतीचं वजन ठरवताना अंतरात दर १०० मीटर चढाईमागे १ किमी मिळवते. त्या हिशोबाने आपण ६४ ची शर्यत सांगितलीत आणि धावायला लावलीत ७३ ची. माझा सगळा सराव ६४ वर बेतलेला होता.

कट-ऑफचं, म्हणजे टप्प्यावर पोहोचायच्या वेळमर्यादेचं, गणित तर त्रैराशिकाने सोडवलेलं दिसतं. ५० किमीला साडेनऊ तास, म्हणून ३७ किमीला सात. पण मोठा चढ, जवळजवळ १,३०० मीटर, २४ ते ३७ या पट्ट्यातच आहे. त्या १३ किमीसाठी आपल्या हिशोबात अडीच तासही उरत नाहीत. डोंगरात चालणाऱ्यांसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला नियम ६०० मीटर चढाईला एक तास देतो, तोही सपाट अंतराच्या वेळेव्यतिरिक्त. म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास नुसत्या चढाईचेच झाले. पुढचे दहा-वीस जण सोडले तर अशा चढावर सगळे चालतातच.

आता पाणी. २४ किमीच्या केंद्रावर मी चार तासांत, म्हणजे आपल्या गणितापेक्षा अर्धा तास आधी पोहोचले. कॅन रिकामे होते. स्वयंसेवक मुलं बिचारी फोनवर फोन करत होती. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पुढचं पाणी १३ किमीवर, ऐन उन्हात. माझ्याकडे क्षारांच्या गोळ्या होत्या, पण त्या पाण्याशिवाय कशा घ्यायच्या? स्टार्टला आपण आमची शिट्टी, हेडलॅम्प आणि लिटरभर पाणी मावेल एवढी पिशवी कसून तपासलीत. ती भरायची सोय मात्र कोणी तपासली नाही. संथ धावणारे सर्वांत जास्त वेळ वाटेवर असतात आणि तेच केंद्रावर शेवटी येतात, तेव्हा साठा त्यांचा विचार करून ठेवायला हवा होता.

३७ किमीवर मी ७ तास ११ मिनिटांनी आले. बिब गेला. मी तिथेच गाडीची वाट पाहत बसले असताना कट-ऑफ अर्ध्या तासाने वाढवल्याचा निरोप आला आणि माझ्यामागून आलेल्यांना पुढे सोडलं. मी पुन्हा शर्यतीत उतरून पुढे जायची तयारी दाखवली. “एकदा नोंद झाली की झाली,” असं उत्तर मिळालं. खरं सांगते, चढापेक्षा हे जास्त लागलं.

मला पुढच्या वर्षीची सवलत नको, न धावलेल्या अंतराचं पदकही नको. पुढील गोष्टी हव्यात: वाढीव कट-ऑफच्या आत येऊनही थांबवलेल्या सर्वांच्या नावापुढची नोंद बदलून ‘आयोजकांनी थांबवले’ अशी करावी, आम्हाला प्रवेश शुल्क पूर्ण परत मिळावं, आणि पुढच्या शर्यतीची नोंदणी उघडण्याआधी प्रत्यक्ष मोजलेली चढाई आणि टप्प्यानुसार कट-ऑफ जाहीर करावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. घड्याळातील नोंद, रिकाम्या कॅनचे फोटो आणि आपला ईमेल सोबत जोडला आहे.

आपली,
५० किमी गटातील एक स्पर्धक