लॅबमधला टर्बो सी आता बदला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक कॉलेजांत सी भाषेचे प्रॅक्टिकल अजून टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरच चालते. डॉस या जुन्या प्रणालीच्या काळातला हा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशिनच्या भाषेत बदलणारे साधन) मुलांना चुकीचे धडे देतो. हापूसच्या 20 पेट्या, दर 2000 रुपये, हा गुणाकार त्यात साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवण्याच्या प्रकारात, केला तर उत्तर येते उणे 25536! कारण तिथे इंट 16 बिटांचा, 32767 च्या पुढे तो उलटतो. लिनक्सवरच्या जीसीसी या मोफत कंपायलरमध्ये इंट 32 बिटांचा असतो आणि 40000 नीट छापले जातात. शिवाय कोनिओ.एच आणि क्लिअरस्क्रीन या टर्बो सीच्याच खास सोयींची सवय लागलेल्या मुलाचा प्रोग्रॅम जीसीसीवर पहिल्याच ओळीला अडतो.

'आमच्याकडे नेट टिकत नाही' ही अडचण पावसाळ्यात खरीच आहे, पण जीसीसी बसवायला नेट एकाच मशिनला आणि एकदाच लागते. नुकतेच उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेले, इतर काहीच न बसवलेले मशिन घ्या. 'सुडो अ‍ॅप्ट-गेट अपडेट' करून मग 'सुडो अ‍ॅप्ट-गेट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल जीडीबी' द्या. इथे नुसते 'अ‍ॅप्ट' वापरू नका. ते काम झाल्यावर उतरवलेल्या फाइल पुसून टाकते, अ‍ॅप्ट-गेट ठेवते. व्हार, कॅश, अ‍ॅप्ट, अर्काइव्हज अशा एकात एक असलेल्या फोल्डरांपैकी शेवटच्यातल्या सगळ्या डेब (इन्स्टॉलच्या) फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्या मशिनवर पेनड्राइव्हच्या त्या फोल्डरात टर्मिनल उघडून 'सुडो डीपीकेजी -आय *.डेब' चालवा. उबंटूची आवृत्ती सगळीकडे तीच हवी, नाहीतर फाइल एकमेकींशी जुळत नाहीत.

मुलांना पहिल्या दिवसापासून 'जीसीसी -वॉल -जी' असेच लिहायला लावावे. आकडा वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये अँडचे चिन्ह (&) राहिले तर एरवी कंपायलर गप्प राहू शकतो आणि चालवल्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' येतो. -वॉल दिले की तो आधीच बजावतो. -जी मुळे जीडीबी हे चूक शोधायचे साधन नेमकी ओळ दाखवते. वर्गमूळ काढताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आला तर -एलएम (गणिताची लायब्ररी) जोडावे, तेही फाइलच्या नावानंतर, कारण लिंकर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारे साधन) डावीकडून उजवीकडे वाचत जाते. आणि एररची रांग लागली की फक्त सर्वांत वरची दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे. एक अर्धविराम सुटला तरी खाली पाच खोट्या चुका दिसतात, आणि नवखी मुले तिथेच खचतात.

यातले काहीही विकत घ्यावे लागत नाही. विभागप्रमुखांनी सत्र सुरू होण्याआधी एक दुपार यासाठी द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी