फिलू, वसईच्या किल्ल्यातल्या आपल्या दगडावरचं वाचून घेतलं

प्रिय फिलू,

लिस्बनचे फोटो पाहून तू लगेच लिहिलंस, "एवढंच? नीट सांग की!" आता नीट सांगायचं तर ते फोनवर व्हायचं नाही. मध्येच तुझा कुकर शिट्टी देतो आणि तू पळतेस. म्हणून सरळ वही घेऊन बसले आहे. अक्षर लागलं नाही तर नातवाकडून वाचून घे.

तन्मयने आम्हाला हॅम्बर्गहून पाच दिवस लिस्बनला पाठवलं, हे तुला ठाऊक आहेच. पण त्याने परस्पर एक प्रायव्हेट गाईडही ठरवून ठेवली होती. तीन तास गावातून चालत हिंडवणार, फक्त आम्हा दोघांना, आणि त्याचे 160 युरो. मी म्हटलं, अरे, चालणार आम्ही आणि पैसे तिला? तो म्हणाला, "आई, रोमला काय झालं होतं आठव." रोमला आम्ही चाळीस जणांच्या घोळक्यात होतो. कानात यंत्र, पुढे कुणीतरी छत्री उंच धरून चाललेलं. मी गुडघा सांभाळत पोचेपर्यंत त्यांचं सांगून संपलेलं असायचं आणि छत्री पुढच्या कोपऱ्यावर. तीन दिवसांत मी मुख्यतः लोकांच्या पाठी पाहिल्या.

तर ही बाई. आपल्याच वयाची, निवृत्त इतिहास-शिक्षिका, आखूड पांढरे केस आणि पायात भक्कम बूट. रोसियू चौकात भेटली, हात मिळवला आणि पहिलाच प्रश्न केला, "कुठला गुडघा?" मी म्हटलं डावा. त्यानंतर अख्खी सकाळ ती माझ्या डाव्या हाताला चालत राहिली. लिस्बन म्हणजे नुसते चढउतार. त्यात पायाखाली गुळगुळीत चुनखडीच्या लहान लहान दगडांची फरसबंदी. रोसियूत तर काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा केल्या आहेत, खाली बघून चाललं तर गरगरतं. पाऊल सपाट टाका, टाच आधी टेकवू नका, हे पहिलं ज्ञान तिने दिलं. इतिहास नंतर.

चौकाला लागूनच सांतू दोमिंगूशचं चर्च आहे. फिलू, तिथे तू हवी होतीस. 1959 साली आतून जळालं. नंतर छप्पर घातलं, पण खांब तसेच ठेवले, तडकलेले आणि खपल्या निघालेले. लोक मेणबत्त्या लावून शांत बसले होते. गाईडबाई आत एक अक्षर बोलली नाही. "लोक प्रार्थना करताहेत, बाहेर गेल्यावर सांगते." बाहेर एक दगडी स्मारक आहे, त्यावर ज्यूंचा तारा. 1497 मध्ये राजाने ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं, त्यांना म्हणायचे 'नवे ख्रिस्ती'. 1506 च्या एप्रिलात, गावात प्लेग चालू असताना, या चर्चमधल्या क्रूसावर उजेड दिसला म्हणून चमत्काराची आवई उठली. एका नव्या ख्रिस्त्याने शंका काढली, आणि तिथून जी कत्तल सुरू झाली ती तीन दिवस चालली, हजारोंनी माणसं मारली. हे सगळं तिने तांदूळ निवडावेत तसं सांगितलं, भर न घालता. मी आजवर खूप गाईड ऐकले, आपल्या गावाची लाज इतक्या सरळ सांगणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

मग खाली बायशात आलो. हा भाग सपाट, काटकोनात आखलेला. सोनारांची गल्ली, चांदीवाल्यांची गल्ली, चांभारांची, खोगीरवाल्यांची. आपल्याकडे तांबट आळी, सोनार आळी तशीच नावं, फक्त रस्ते पट्टीने मारलेले. त्याचं कारण भूकंप. 1 नोव्हेंबर 1755, सकाळी साडेनऊच्या सुमारास. तारीख बघितलीस ना? सर्व संतांचा सण. चर्चं भरलेली, वेदीवर मेणबत्त्या. आधी जमीन हलली, मग नदी मागे हटली आणि लाट होऊन परत आली, आणि मेणबत्त्यांनी-चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस जळत राहिली. राजा त्या वेळी गावाबाहेर होता म्हणून वाचला, पण त्याने इतका धसका घेतला की पुन्हा दगडी वाड्यात राहायला तयार होईना. टेकडीवर लाकडी महाल बांधून राहिला. गाव पुन्हा उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने, पोंबालने. नव्या घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला, त्याला ते 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजरा. जमीन हलली तरी पिंजऱ्याने लवावं, मोडू नये. आणि तो टिकतो की नाही हे बघायला नमुना उभारून त्याच्याभोवती शिपायांना दाणदाण कवायत करायला लावली! अरविंद आयुष्यभर सिव्हिल इंजिनिअर, त्यांना हे इतकं आवडलं की तिथेच पाय आपटून पाहिले.

मी मनात हिशोब करत होते. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून आपली वसई घेतली 1739 च्या मे महिन्यात. लिस्बन पडलं 1755 ला. वसईतून बोटीत बसून गेलेल्यांपैकी कुणी इथवर पोचलं असेल, तर सोळा वर्षांत त्याने दोन गावं गमावली.

नदीकाठचा मोठा चौक, तेरैरू दू पासू, तो तू फोटोत पाहिलास. तीन बाजूंना पिवळ्या कमानी, चौथ्या बाजूला तेजू नदी, समुद्राएवढी रुंद. राजवाडा इथे होता. हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, 'कासा दा इंडिया', तीही इथेच. आपली मिरी, कापड सगळं इथे उतरायचं. यातलं आता काहीच नाही. मोकळ्या फरशीवर उभी राहून बाई हाताने दाखवत होती, इथे जिना, इथे मनोरा. नातवाला सांग, 1515 च्या मे महिन्यात या गावात एक गेंडा उतरला. गुजरातच्या सुलतानाने गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरला, अल्बुकर्कला, दिलेला, गोव्याहून बोटीने आलेला. युरोपात हजारेक वर्षांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीनेच धूम ठोकली. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंड असल्यामुळे बिचाऱ्याला पोहताही आलं नाही. आणि इथले लोक त्याला म्हणायचे काय, तर 'गांदा'. आपलाच गेंडा!

इथून आमचा शब्दांचा खेळ सुरू झाला. एक कामगार उकिडवा बसून फरसबंदीचे दगड ठोकत होता, शेजारी बादली. मी विचारलं, याला काय म्हणता? 'बाल्दे'. मग काय, मी बोटं मोजत सुटले. चावी, साबण, पाव, लिलाव, मेस्त्री. बाई प्रत्येक शब्दाला हसून मान डोलवायची. कॉफी प्यायला बसलो तिथे तिने वेटरला पैसे द्यायचे आहेत म्हणून हाक मारली, त्यात 'पगार' ऐकू आलं. त्यांच्यात पगार म्हणजे पैसे चुकते करणं. मी म्हटलं, आमच्याकडे तो महिन्यातून एकदाच येतो.

पुढे कांद्यांचं मैदान. खरंच तसं नाव आहे, कांपू दाश सेबोलाश. तिथे एक विचित्र घर आहे, दर्शनी भिंतीचा एकेक दगड हिऱ्यासारखा टोकदार काढलेला. 1523 साली ते अल्बुकर्कच्या मुलाने बांधलं. अफोन्सो द अल्बुकर्क, ज्याच्या नावावरून हापूस आला असं सांगतात तोच. भूकंपात वरचे मजले गेले, आपल्या लहानपणी ते पुन्हा चढवले असं मला वाटत होतं, पण नाही, 1980 नंतर. आता तिथे सारामागू या नोबेलवाल्या लेखकाची संस्था आहे. अरविंद बराच वेळ त्या भिंतीकडे बघून म्हणाले, "म्हणजे हापूसचं माहेर हे, आणि दारात नाव कांद्याचं."

मग तुझा संत अंतोनी. फिलू, जग त्याला पादुआचा म्हणतं, पण तो जन्मला इथे, कॅथेड्रलच्या पायथ्याशी, 1195 च्या आसपास. जन्मस्थानावर चर्च आहे, तेही भूकंपात पडून पुन्हा बांधलेलं. त्यासाठी गल्लीतली पोरं छोट्या वेद्या मांडून 'संत अंतोनीला एक नाणं द्या' म्हणत पैसे गोळा करायची. अगदी आपल्या होळीच्या वर्गणीसारखं. खाली तळघरात जायला लागले आणि कळलं की चष्मा नाही. पर्स उलटी केली, काही नाही. तुझ्या आईची आठवण झाली, किल्ली हरवली की पहिली हाक अंतोनीला. मीही मारली, मला कोण विचारतंय! तोवर गाईडबाईने त्या कॉफीवाल्याला फोन लावला होता. चष्मा गल्ल्यावर होता, साखरेच्या पुड्यांशेजारी. आता देव पावला की बाई, हे तू आणि आई ठरवा.

यानंतर तिच्या बेतात किल्ल्याच्या बाजूला जायचं होतं. चष्मा येईपर्यंत आम्ही पायरीवर बसलो होतो, तेव्हा मी तिला मोबाइलवर वसईचे फोटो दाखवले. दिवाळीत आपण गेलो होतो ना, ते. छपराविना कमानी, भिंतीतून आलेला वड, आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधले जमिनीतले दगड. ती एकेक फोटो मोठा करून बघत राहिली. मग म्हणाली, "किल्ला उद्या तुमचा तुम्ही पाहा. आता मी तुम्हाला दुसरीकडे नेते." आणि चक्क रिक्षा थांबवली. हो, लिस्बनमध्ये टुकटुक म्हणून रिक्षा हिंडतात! ही रिक्षा विजेवरची, मागे आम्ही तिघं दाटीवाटीने. स्टेशनवरून पापडीला निघाल्यासारखं वाटलं.

तिने नेलं कार्मोला. 1389 साली पाया घातलेलं चर्च, भूकंपात छप्पर खाली आलं ते पुन्हा पूर्ण केलंच नाही. बाहेरच्या चौकात 1974 च्या 25 एप्रिलला काय झालं, तिथल्या बरॅकीत हुकूमशाहीचा पंतप्रधान कसा अडकला आणि लोक बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं कशी खोचत होते, हे तिने उभ्या उभ्या सांगितलं. त्या क्रांतीनंतरच पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे कागदावर मान्य केलं. पण माझं लक्ष नव्हतं गं. दारातून आत पाऊल टाकलं आणि वर बघितलं. दगडी कमानींच्या बरगड्या आणि त्यांच्यामधून निळं आकाश, कबुतरं. मी एवढंच म्हणू शकले, "हे तर आमचं." अरविंद हसले, पण बाई हसली नाही. म्हणाली, "म्हणूनच आणलं."

तिथे बसून तिने तो दगड वाचला. आपला दगड, फिलू, ज्यावर आपण ठिकरी खेळायचो आणि 'सेपुल्तुरा'च्या एसवर जिचा पाय पडेल ती बाद. फोटो उलटा धरून, कडेला सरकवून, ओठ हलवत ती शोधत होती. 'एश्ता सेपुल्तुरा ए द', ही कबर अमक्याची. अमक्याचं नाव गेलं आहे, आपल्याच पायांनी गेलं असणार. सालातला फक्त 16 उरला आहे. आणि शेवटची ओळ, जी आपल्याला कधी लागली नाही: 'ए द सेउश एर्देइरूश'. आणि त्याच्या वारसांची. म्हणजे त्या माणसाने जागा घरच्यांसाठीही राखून ठेवली होती. त्याला वाटलं असणार, पोरंबाळं इथेच मरतील.

"मग आता वारस कोण?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीचं आडनाव लोपीस आहे, पण तिला वारस म्हटलेलं चालायचं नाही. तिचे लोक या दगडाच्या आधीपासून तिथे केळी लावत होते. यावर ती खूप वेळ काही बोलली नाही. मी पर्समधून सुकेळीची पुडी काढून तिला दिली, तन्मयसाठी आणलेल्यातली एक उरली होती. एक तुकडा तिने तिथेच खाल्ला, वास घेतला, आणि उरलेली पुडी रुमालात बांधली.

तीन तासांचे साडेचार झाले होते. जास्तीचे पैसे घ्यायला ती तयार नव्हती, मग अरविंदनी तिला जेवायला नेलं. माशाचा बेत होता, सुका खारवलेला बकाल्याउ. तुमच्याकडच्या खाऱ्याची सर नाही, पण ते समक्ष सांगेन.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याकडे आमचे आम्हीच गेलो. फान्केइरूश गल्लीत एका साध्या इमारतीत पालिकेची फुकटची लिफ्ट आहे, ती तिने नकाशावर खूण करून दिली होती. गुडघा शाबूत आहे.

आईसाठी संत अंतोनीची छोटी तसबीर घेतली आहे, काच फुटू नये म्हणून माझ्या साडीत गुंडाळून आणते. आणि एक काम. बाई म्हणाली की झिजलेली अक्षरं दुपारी कधी दिसत नाहीत, सूर्य खाली असताना तिरप्या उजेडात बघा, नावाचं एखादं अक्षर तरी वर येईल. तेव्हा पंधरा तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी, तुझ्या सकाळच्या मिस्सेच्या आधी, किल्ल्यात. मी साडेसहाला तुझ्या दारात येते. थर्मास तू आण, मागच्या वेळी माझा चहा पाणचट होता म्हणून तू महिनाभर ऐकवलंस.

तुझी,
नंदा