संमतिपत्र मराठीतून मिळायला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या भाच्याच्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती, त्यामुळे 'चरबीची असेल' म्हणत वर्ष गेलं. म्हणणाऱ्यांत मीही होतो. तुकडा काढून तपासला तेव्हा 'अल्विओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा' हा मऊ ऊतींचा (स्नायू, चरबी वगैरेंचा) कर्करोग निघाला, आणि तोवर दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते. शस्त्रक्रिया करण्याजोगं राहिलेलं नाही, नेहमीची केमो या जातीवर फारशी चालत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, भाग घेणार का?

आक्का ताडकन म्हणाली, "उंदरावर करायचं ते आमच्या पोरावर कशाला वो?"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हातात चाचणीचं तेवीस पानी इंग्रजी संमतिपत्र आणि त्याची कन्नड प्रत. आम्ही बेळगावकडचे, भाचा बाजारात फर्डं कन्नड बोलतो. पण शिक्षण मराठी शाळेत झालेलं. 'यकृतावरील दुष्परिणाम' कन्नडमधून वाचून समजून घेणं हे काम वेगळं. मराठी प्रत मागितली तर "सगळे इथेच सही करतात" असं उत्तर मिळालं. रुग्णालय मोठ्या शहरातलं आहे, नाव लिहीत नाही.

2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो. सही केलेली प्रत रुग्णाला मिळते, आणि मध्येच बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईचीही तरतूद आहे. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही; भाच्याच्या मित्राने मोबाईलवर शोधून काढलं.

आम्ही अडून बसलो. बारा दिवसांनी मराठी प्रत आली (भाषांतरालाही नैतिकता समितीची मंजुरी लागते म्हणे). ती मी आक्काला दोन संध्याकाळी वाचून दाखवली. तिने एकच विचारलं, "मध्येच नको वाटलं तर सोडता येतं नव्हं?" येतं म्हटल्यावर गप्प बसली. सही भाच्याने स्वतः केली.

मऊ ऊतींचे सार्कोमा म्हणजे प्रौढांच्या कर्करोगांत शंभरात जेमतेम एक. त्यातही ही जात विरळा. याच आजारावर अटेझोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये मान्यता मिळाली, ती फक्त 49 रुग्णांच्या चाचणीवर; गाठी लक्षणीय आकसल्या त्या साधारण चौघांपैकी एकाच्या. म्हणजे औषध जादूचं नाही. पण ते 49 जण जमले नसते तर तेवढंही हाती लागलं नसतं. अशा आजारात एक माणूस भाषेमुळे माघारी गेला तर रुग्णाचं नुकसान होतंच, चाचणीचंही होतं.

भाषेचं नाव काढलं की इकडे लगेच झेंडे दिसू लागतात. हे पत्र त्यातलं नव्हे. अथणी-गोकाकची कन्नड आई लेकराला घेऊन मुंबईला परळच्या कर्करोग रुग्णालयात जाते, तिच्याही हातात कन्नड कागदच पडायला हवा. आम्ही बेळगाववाले मुंबई आणि बंगळुरू दोन्हींपासून पाचशे-पाचशे किलोमीटरवर. कुठेही गेलो तरी निम्मे कागद परक्या लिपीत नाहीतर परक्या भाषेत.

म्हणून दोन विनंत्या. सीमाभागातले रुग्ण येतात अशा प्रत्येक केंद्राने मराठी व कन्नड दोन्ही प्रती आधीच मंजूर करून ठेवाव्यात, रुग्ण मागेपर्यंत थांबू नये. दुसरी आपल्याला. देशातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. 15 जून 2009 पासून ती सक्तीची आहे. कुठल्या केंद्रात कुठल्या आजारावर रुग्ण घेणं सुरू आहे ते तिथे फुकट पाहता येतं, पण सगळं इंग्रजीत. महिन्यातून एकदा त्यातल्या कर्करोगाच्या चाचण्या आपल्या आरोग्य पुरवणीत मराठीतून छापता येतील का? भाषांतराला मी बसतो, मानधन नको.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. खानापूर
(भाच्यासाठी नाव छापू नये.)